कोंबडीसकट घेतलेली पिकअप

नव्या गाडीचे फोटो साठतात, जुन्या गाडीचे किस्से. आमच्याकडे त्या पिकअपचा एकच फोटो आहे, आणि त्यातही ती अर्धीच आलीय, कारण काढणाऱ्याला गाडीपेक्षा मागचा समुद्र जास्त आवडला. किस्से मात्र इतके साठलेत, की लग्नामुंजीत पंगत उठली, पानाचं तबक फिरलं की कुणीतरी म्हणतंच, "शैलाताई, ते तुमच्या गाडीचं सांगा ना!" मग मी सांगायला लागते. कुंदावहिनी शेजारी असल्या तर मध्येच म्हणतात, "छे, असं नव्हतं झालं!" आणि जे झालं म्हणून सांगतात ते माझ्यापेक्षा दुप्पट असतं.

कुंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं घर पावसला. थोडी कलमं, थोडे माड. आंबा थोरल्या दिरांचा, म्हणजे दादांचा. आम्हा दोघी जावांचा स्वतःचा छोटा धंदा होता : आमसुलं, कोकमाचं आगळ, आंबापोळी, फणसपोळी. माझे हे रत्नागिरीत बँकेत. मी स्वभावाने घाबरट. वहिनी नाहीत. एवढी ओळख पुरे.

* * *

सुरुवात झाली ती एका टेम्पोवाल्यामुळे. नव्व्याण्णव सालचा मे महिना. आमचा माल रत्नागिरीपर्यंत तोच न्यायचा, पुढे मुंबईच्या लॉरीत चढायचा. त्या आठवड्यात त्याने वाडीतल्या सगळ्यांच्या आंब्याच्या पेट्या उचलल्या, आणि आमचे आगळाचे कॅन आणि आंबापोळीचे डबे दोन दिवस फाटकाशी उन्हात तसेच ठेवले. कॅन फुगले. आंबापोळीला घाम सुटला. तिसऱ्या दिवशी स्वारी शीळ घालत आली. कुंदावहिनी फाटकाशीच उभ्या होत्या.

"काय रे, दोन दिवस कुठे होतास?"

"वहिनी, सीझन आहे. तुमच्या आमसुलाबिमसुलासाठी गाडी आत वळवायला नाही जमत."

"मग नको वळवूस. आजपासून कधीच नको वळवूस. आम्ही आमची गाडी घेतो!"

तो हसला. "कुठली? ढकलगाडी?"

"तुला ओव्हरटेक करील अशी!"

तो गेल्यावर मी हळूच म्हटलं, "वहिनी, गाडी आणायची कुठून? आणि चालवायची कुणी?"

वहिनी फुगलेला कॅन उघडून त्यातलं आगळ माडाच्या मुळाशी ओतत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आता बोलून बसले ना मी? मग घ्यायला हवीच. शब्द म्हणजे काय आमसूल आहे, वाळत घालून नंतर बघू म्हणायला?"

* * *

नवी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हतीच. कुणीतरी सांगितलं, हातखंब्याकडे एका घरामागे जुनी पिकअप उभी आहे, मासळीच्या धंद्यातली. मालकाने धंदा सोडलाय. आम्ही दोघी एस.टी.ने गेलो.

फणसाखाली गाडी उभी. रंग कुठला होता ते विचारल्यावर कळलं. एक दिवा होता, दुसऱ्याच्या जागी भोक होतं. हौद्यात पाला साचून त्यात अळू उगवलं होतं. मालक म्हणाले, "गाडीत दोष एकच. चालत नाही."

वहिनींनी चारी बाजूंनी फिरून बघितली. टायरवर लाथ मारली. (हे त्यांनी कुणाचं तरी बघून ठेवलं होतं.) मग ड्रायव्हरचं दार उघडलं, आणि आतून कुणीतरी फिस्सकन अंगावर आलं. सीटवर कोंबडी! अंगाखाली अकरा अंडी.

घरात बोलणी झाली, सौदा ठरला. चहा झाला. मालक म्हणाले, "उद्या घेऊन जा." तेवढ्यात त्यांच्या बायको आतून पदराला हात पुसत आल्या. "उद्या कशी नेतील? कोंबडी खुडूक बसलीय. पिल्लं निघेपर्यंत गाडीला हात लावू द्यायची नाही मी. एकवीस दिवस."

मालक ओशाळले. "अगं, त्यांचा सीझन आहे..."

"कोंबडीचाही सीझनच आहे!"

मला वाटलं, आता वहिनी भडकणार. वहिनींनी त्या बाईंकडे बघितलं, आणि उठून हात जोडले. "ताई, बरोबर आहे तुमचं. अर्ध्यावर उठवू नये. पण गाडी आजपासून आमची झाली. कोंबडी आमची भाडेकरू!"

एकविसाव्या दिवशी निरोप आला : नऊ निघाली. बाईंनी त्यातली दोन टोपलीत घालून आमच्या हातात दिली. "सीटवरची आहेत," म्हणाल्या, "तुमचीच."

* * *

गाडी ओढून रत्नागिरीत आणली. पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि लगेच बंद केलं, नको ती गोष्ट बघितल्यासारखं. "किलोवर घाला."

दुसरा जरा विनोदी होता. "बाई, ही देवाला वाहा."

"देवाला चांगली वस्तू वाहतात," वहिनी म्हणाल्या. "ही तुम्हाला द्यायला आणली होती. बघा, येत असेल काम तर."

तिसऱ्याने उघडलंसुद्धा नाही. तिथून हाकलल्यासारख्या निघालो तेव्हा कुणीतरी म्हणालं, मिरजोळ्याला हमीदचाचांकडे न्या. ते असल्याच गाड्या घेतात.

हमीदचाचा मूळचे राजिवड्याचे. उमेदीची सगळी वर्षं आखाताकडच्या मालवाहू बोटींवर, इंजिनरूममध्ये. उतारवयात परत येऊन पत्र्याची शेड टाकलेली. पांढरी दाढी, दोरीने गळ्यात बांधलेला चष्मा. त्यांनी बॉनेट उघडलं, चष्मा लावला आणि अर्धा तास आत वाकून बघत राहिले. मधूनच आत हात घालायचे, बोट हुंगायचे. मी मनात म्हणत होते, हाही नाही म्हणाला तर बरं, सुटलो एकदाचे.

शेवटी त्यांनी चष्मा काढला. "कोणी भंगार बोलला?"

"तिघे बोलले."

"बोट बुडत नाय तवर तिला भंगार बोलायचा नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि बुडली तरी आधी वर काढून बघायची!"

* * *

चाचांची एक अट होती. काम चालू असताना मालकाने समोर हजर राहायचं, आणि हातात पान्हा घ्यायचा. "ज्यानं गाडी उघडी बघितली नाय, त्याला गाडी रस्त्यात रडवते."

तेव्हा आम्ही दोघी रोज सकाळी पहिल्या एस.टी.ने मिरजोळ्याला. डबा बरोबर. वहिनी इंजिनावर, मी बारीक कामावर, म्हणजे नट रॉकेलमध्ये धुणं, पुसणं, ओळीने मांडणं.

दोन साडीवाल्या बायका गॅरेजमध्ये पान्हे घेऊन बसल्यात ही बातमी त्या औद्योगिक वसाहतीत पसरायला अर्धा दिवस लागला. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यांतली माणसं यायला लागली. पहिले दोन होते, मग सात, मग पंधरा. कुणी दाराला टेकून, कुणी स्कूटरवर बसून. "बाई, इंजिनात फोडणी घातली का?" असली बडबड. मला कानकोंडं व्हायचं. मी पदर डोक्यावरून ओढून नट पुसत राहायची.

वहिनींनी पहिल्या दिवशी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या उठायच्या आतच चाचा उठले. त्यांनी आतून पॉलिश पेपरचा गठ्ठा आणला, त्याचे तुकडे केले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दिला.

"हे काय चाचा?"

"बघायला आलात ना? जवळून बघा. ह्या पत्र्यावर घासून बघा, काय दिसता ते."

एकाने मजा म्हणून घासलं. खालून लखलखीत पत्रा निघाला. दुसरा म्हणाला, सरक, तुला येत नाही. तिसऱ्याने पैज लावली. चौथ्या दिवशी तर सुट्टी झाली की धावत यायला लागले, आपापली जागा धरायला! आठवड्यात सगळ्या हौद्याचा गंज गेला.

वहिनी त्यांना रोज सरबत द्यायच्या. जाताना एक जण जरा ओशाळून म्हणाला, "वहिनी, आम्ही खरं म्हणजे हसायला आलो होतो."

"अजून पाठीमागचं फळकं राहिलंय," वहिनी म्हणाल्या. "उद्या या. हसू."

* * *

गंज गेला, पण मासळीचा वास जाईना. हौदा चिंचेने घासला, राखेने घासला, फिनेल ओतलं, पावसाने उघडीप दिली तेव्हा चार दिवस उन्हात तापवला. गाडी कुठेही उभी केली की पाच मिनिटांत मांजरं हजर. शेपट्या वर करून चाकांना अंग घासायची. ह्यांनी एकदा येऊन वास घेतला आणि म्हणाले, "मुंबईची माणसं तुमचं आगळ सोलकढीत घालतील आणि सुरमई शोधत बसतील."

चाचांनी निदान केलं : हौद्याच्या तळाच्या फळ्यांत वर्षानुवर्षं खारं पाणी मुरलंय. फळ्या बदला.

आता फळ्या कुठल्या? आमच्या पडवीत फणसाच्या सुरेख जाड फळ्या उभ्या होत्या. दादांनी तीन वर्षं वाळवलेल्या, झोपाळ्यासाठी. कुणी त्यांना टेकलं तरी दादांना चालायचं नाही. आणि मुळात दादांना ही गाडी मान्यच नव्हती. "आमच्या घरातल्या बायकांनी हमाली कधी केली नाही," एवढंच म्हणाले होते, आणि वहिनी एवढंच म्हणाल्या होत्या, "कधी केली नाही ते दाखवा!"

एका सकाळी दादा कलमांत गेले आणि वहिनींनी फळ्या एका रिक्षाच्या टपावर बांधून मिरजोळ्याला नेल्या.

संध्याकाळी दादा पडवीत आले. रिकाम्या भिंतीकडे बघितलं.

"फळ्या कुठायत?"

"गाडीला लावल्या."

"माझा झोपाळा होता तो!"

वहिनी भाकऱ्या थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "झोपाळ्यावर बसून आजवर कुणी रत्नागिरीला पोचलंय का?"

दादा आठ दिवस बोलले नाहीत. जेवायचे, उठायचे. मीठ हवं असलं तर हवेत बघून "मीठ" म्हणायचे.

आणि वहिनी वरून कितीही तोऱ्यात असल्या तरी त्या आठ दिवसांत रोज रात्री त्यांच्या पानात भाजी तशीच राहायची, हे मी बघितलंय. त्या हे कबूल करत नाहीत.

* * *

इंजिन बांधून झालं. चालू करून बघायचा दिवस ठरला. पॉलिश पेपरवाली मंडळी आली होती. चाचांनी बिस्मिल्ला म्हणून किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा खोकली. दहा वेळा, पंधरा वेळा. कुणी हसलं नाही, तेच जास्त वाईट वाटलं.

चाचांनी इंजिनावर हात ठेवला. "आज नाय. दमली. आपण जेवू."

वहिनी जेवल्या नाहीत. केबिनमध्ये जाऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या. मी शेजारी जाऊन बसले. समोर बघत म्हणाल्या, "शैला, मी उगाच हट्ट केला का गं?" वहिनींच्या तोंडून असला प्रश्न मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी आपला त्यांच्या हातावर हात ठेवला. दोघींचे हात ग्रीसने काळे.

तेवढ्यात शेडच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. धोतर, छत्री, हातात नारळ. दादा! पावसहून दोन एस.टी. बदलून आले होते.

वहिनी घाईने उतरल्या. पदराने तोंड पुसलं, त्यामुळे गालावर ग्रीस लागलं. "तुम्ही? गाडी बघायला आलात?"

"गाडी बघायला नाही," दादा म्हणाले. "माझ्या फळ्या बघायला आलो."

ते हौद्याकडे गेले. फळीवरून हात फिरवला, एक स्क्रू अंगठ्याने दाबून बघितला. मग चाचांना म्हणाले, "चांगल्या बसवल्यात." चाचा म्हणाले, "लाकूड चांगला होता." झालं, दोघांचं जमलं. चाचांनी पुन्हा बॉनेट उघडलं, पाइपातली हवा काढली, एक नट अर्धा फेरा आवळला आणि किल्ली फिरवली.

गाडीने इतका धूर सोडला की आम्हाला एकमेकींची तोंडं दिसेनात. पण त्या धुरातून इंजिनाचा आवाज येत होता, आणि थांबत नव्हता. धूर ओसरला तेव्हा दादा नारळ फोडून मोकळे झाले होते.

"फळ्यांसाठी फोडला," म्हणाले.

* * *

वहिनींना गाडी शिकवली चाचांनीच, वरच्या सड्यावर. चहूकडे मोकळा कातळ, आपटायला काही नाही. शिकवण्याची भाषा मात्र सगळी बोटीची. "स्लो अहेड! स्टॉप! डेड स्लो!"

"डेड म्हणजे मेलेलं ना, चाचा?"

"हां."

"मग ठीक. मेल्यासारखं हळू."

लायसन्सच्या टेस्टला साहेबांनी वहिनींना वर-खाली न्याहाळलं. वय शेहेचाळीस, नऊवारी नसली तरी चापूनचोपून साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. "बाई, घरात दुसरं कुणी नाही का चालवायला?"

"आहेत की. पण त्यांना येत नाही."

साहेबांनी आठ आकडा काढायला लावला, मागे घ्यायला लावली, चढावर थांबवून पुन्हा सुरू करायला लावली. गाडी कुठे अडेना. शेवटी वही मिटता मिटता विचारलं, "अरुंद घाटात समोरासमोर गाड्या आल्या तर थांबायचं कुणी?"

"नियमानं उतरणाऱ्यानं, साहेब."

"बरोबर."

"आणि प्रत्यक्षात, घरी ज्याची कुणी वाट बघतंय त्यानं."

साहेबांनी वही पुन्हा उघडली, आणि सही केली.

त्याच आठवड्यात बँकेत ह्यांना कुणीतरी टोकलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने. "काय हो, तुमची मिसेस टेम्पो चालवते म्हणे?"

हे तसे मितभाषी. मला वाटायचं, ह्यांना लाज वाटत असणार. त्यांनी पेन बंद केलं आणि म्हणाले, "चुकीचं ऐकलंत. ड्रायव्हर आमच्या वहिनी. मिसेस क्लीनर आहे."

* * *

हॉर्नचं काम राहिलं होतं. चाचांनी स्वस्तात आणि मस्तात केलं : मोडीत निघालेल्या एका लाँचचा भोंगा त्यांच्याकडे पडून होता, तो बसवला. पहिल्याच दिवशी भाट्याच्या पुलावर एक म्हैस आडवी आली. वहिनींनी भोंगा मारला. खाडीच्या दोन्ही काठांवर तो आवाज घुमला.

पूल संपवून पलीकडे येतो तर चार-पाच कोळणी पाट्या घेऊन धावत रस्त्यावर! त्यांना वाटलं, मासळीची लाँच आली. गाडीभोवती गराडा. एक म्हातारी तर चाकावर पाय देऊन हौद्यात वाकली. आत आगळाचे कॅन. तिने कॅनवर टिचकी मारून बघितली, आणि कंबरेवर हात ठेवून वहिनींना म्हणाली, "मावरा नाय तर भोंगा कशाला मारतंस गो?"

वहिनींनी माघार घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच! दुसऱ्या दिवशी आम्ही साधा हॉर्न बसवून घेतला.

* * *

पुढच्या सीझनला खरी कसोटी. रत्नागिरीत मुंबईच्या लॉऱ्या भरतात त्या जागेवर भाड्याच्या टेम्पोंची सद्दी. आम्ही दादांच्या पेट्या आणि आमचा माल घेऊन पोचलो, तर चार-पाच जण आडवे. आमचा जुना टेम्पोवालाही त्यांच्यात होता, मागे.

"इथे फक्त भाड्याच्या गाड्या. घरच्या गाड्या तिकडे वर लावा, चढावर."

चढावरून लॉरीपर्यंत पेट्या डोक्यावरून आणायच्या म्हणजे दुपार. आंबा तयार होत आलेला. मी म्हटलं, "वहिनी, लावू वर, हळूहळू उतरवू."

वहिनींनी इंजिन बंद केलं. किल्ली कनवटीला खोचली. "शैला, डबा काढ. जेवून घेऊ."

सकाळचे साडेनऊ!

आमची गाडी बरोब्बर तोंडाशी उभी. आतल्या गाड्या बाहेर येईनात, बाहेरच्या आत जाईनात. मागे हॉर्न सुरू झाले. लोक शिव्या द्यायला लागले, आधी आम्हाला, मग हळूहळू त्या टेम्पोवाल्यांना. वहिनींनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर ठेचा लावला, एकेक घास बत्तीस वेळा चावला.

शेवटी हवालदार आले. "ओ बाई, गाडी काढा!"

"काढते ना. ती पुढची जागा मोकळी असली तर तिथे लावते."

हवालदारांनी मान वळवली. "मोकळीच तर आहे!"

"बघा! मी सकाळपासून तेच सांगतेय. ह्या पाच जणांना काही दिसली नाही. तुमची नजर चांगली आहे, साहेब!"

हवालदार हसले. पाचही जणांना बाजूला व्हावं लागलं. वहिनींनी गाडी त्या जागेत लावली, एका फटक्यात, मागे घेत. दुसऱ्या दिवशी आमच्या पाठोपाठ आणखी दोन घरच्या गाड्या तिथे लागल्या.

* * *

आणि आता शेवटचा. हा दोन हजार चार-पाचचा असेल. पलीकडच्या तालुक्यात एका लग्नाची सरबताची ऑर्डर होती. वाटेत खाडी, खाडीवर जुनी फेरीबोट. कुठली खाडी ते सांगत नाही, बोटवाला अजून ओळखीचा आहे. चाचा बरोबर होते. बोट म्हटली की ते न बोलावता यायचे.

धक्क्यावर आमच्या पुढे एक पांढरी, नवीकोरी गाडी. तिचे मालक इस्त्रीच्या कपड्यांत, काळा चष्मा. आमची पिकअप बघून बोटवाल्याला म्हणाले, "हे भंगार बोटीवर घेताय? मध्येच बंद पडलं म्हणजे?"

वहिनींनी ऐकलं.

"आणि ते माझ्या मागे लावू नका. ब्रेक नसतील, घासतील मला. त्यांना पुढे जाऊ दे."

बोटवाल्याने आम्हाला आधी चढवलं, अगदी पुढे, पलीकडच्या फळीपाशी. आमच्या मागे ती पांढरी गाडी. बाकी वीस-पंचवीस माणसं, दोन मोटारसायकली, एक बकरी.

खाडीच्या मध्यावर आलो आणि बंद पडलं. आमची गाडी नव्हे, बोट!

ओहोटी लागली होती. बोट हळूहळू आडवी व्हायला लागली, आणि मग कळलं की आपण खाडीच्या तोंडाकडे, समुद्राकडे सरकतोय. बायका देवाचं नाव घ्यायला लागल्या. काळा चष्मा ओरडायला लागला, "मी कम्प्लेंट करीन! कोण जबाबदार?" बोटवाल्याचा चेहरा पांढरा फटक. मी वहिनींचा दंड धरून ठेवला होता.

चाचा कुणालाही न विचारता खाली इंजिनाकडे उतरले. पाच मिनिटांनी वर आले, कोपरापर्यंत काळे. "डिझेलची नळी फाटली. हवा ओढतेय. दुसरी हाय?"

बोटवाल्याकडे नव्हती.

चाचांनी आमच्या गाडीकडे बघितलं. मग वहिनींकडे. "वहिनी, आपली काढू?"

मी म्हटलं, "चाचा, लग्नाचा माल आहे!"

"काढा," वहिनी म्हणाल्या.

नळी निघाली, खाली बसली. बोट खोकली, धूर सोडला, आणि तिचं तोंड पुन्हा काठाकडे वळलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. बकरीसुद्धा ओरडली.

पलीकडे लागलो. फळी खाली पडली. आता पुढे आमची पिकअप, तिच्यात नळी नाही. तिच्यामागे पांढरी गाडी. आणि धक्क्याचा चढ. बोटवाला म्हणाला, "नवी नळी गावातून आणेपर्यंत तुमची द्यायला नाही जमणार, वहिनी. ढकलावी लागेल."

ढकलत सगळ्यांनी बोटीवरून खाली उतरवली, चढाच्या पायथ्याशी आणली. वहिनी स्टिअरिंगवर. गाडी मागे घरंगळू नये म्हणून त्यांनी हँडब्रेक ओढला. लोक दम खाऊन पुन्हा जागा धरायला लागले. काळ्या चष्म्याला पर्याय नव्हता, आम्ही हललो नाही तर त्याला बोटीवरून उतरता येत नव्हतं. त्याने चष्मा खिशात घातला, बाह्या दुमडल्या आणि बरोबर मधोमध, मागच्या फळक्याला खांदा लावला.

"हां, एक दोन तीन! हय्या!"

गाडी तसूभर हलेना.

"अजून जोर! हय्या!"

त्याची इस्त्री गेली. मान लाल झाली. बूट चिखलात घोट्यापर्यंत. "काय वजन आहे हो!" तो ओरडला.

मी शेजारच्या सीटवर होते. चाचा गाडीला वळसा घालून वहिनींच्या खिडकीशी आले. आत डोकावले. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "वहिनी, हँडब्रेक वर हाय."

"ठाऊक आहे," वहिनी आरशात बघत म्हणाल्या. "जरा घाम येऊ दे."